सिस्टरच्या सहीला किंमत कधी?

मागच्या रोवणीतली गोष्ट. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातली बाई, वय तिशीच्या आतबाहेर, एका ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळी नऊपासून बसलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या कानात आवाज येऊ लागले होते, रात्र-रात्र ती अंगणात फेऱ्या मारायची. सासरच्यांनी आधी पुजारी केला, मग दर्गा केला, आणि पैसे संपल्यावर दवाखाना केला. गोळ्यांनी ती सावरली. पऱ्हे उपटायला, रोवायला बायकांच्या टोळीत पुन्हा जाऊ लागली. महिन्यातून एकदा जिल्ह्याचं मानसिक आरोग्याचं पथक त्या रुग्णालयात येतं, तेव्हा महिन्याच्या गोळ्या घेऊन जायच्या, एवढंच तिचं दवाखान्याशी नातं उरलं होतं.

त्या दिवशी पथकातले डॉक्टर आले नाहीत. त्यांना कोर्टात साक्षीला जावं लागलं होतं, म्हणजे त्यांनाही दोष देता येत नाही. सिस्टर आल्या होत्या. सिस्टरांनी तिला नावानं हाक मारली. झोप येते का, पाळी नियमित आहे का, आवाज येतात का, नवरा हात उचलतो का, सगळं विचारलं. हात पुढे करायला सांगून बोटं थरथरतात का ते पाहिलं. वजन केलं. कार्डावर व्यवस्थित लिहिलं. आणि मग म्हणाल्या, "बाई, गोळ्या पुढच्या वारी. साहेब नाहीत आज."

"रोजी बुडवून आली ना मी सिस्टर, गोळ्या तं द्या."

गोळ्या कपाटात होत्या. दोन वर्षं चालू असलेल्याच, तेवढ्याच ताकदीच्या. कपाटाची किल्ली सिस्टरांच्या पदराला होती. नव्हती ती फक्त सही.

पुढचं मला कळलं ते आमच्या सल्ला केंद्रात ती वकिलाची नोटीस घेऊन आली तेव्हा. पुढच्या वारी तिला यायला जमलं नाही, कारण रोवणी ऐन भरात होती. दीड महिन्यात आवाज परत आले. एका रात्री ती कालव्याच्या काठावर सापडली. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि दोन महिन्यांत 'पत्नी मनोरुग्ण आहे' या कारणानं घटस्फोटाची नोटीस पाठवली. पोरगं सासरी.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी जिनं जिनं कौटुंबिक सल्ला केंद्रात चार दिवस काढले आहेत, तिला ही गोष्ट नवीन नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमातलं मनोविकाराचं कारण नवऱ्यांचे वकील कसं वापरतात, हे आपण तोंडपाठ जाणतो. अशा वेळी आपण बाईच्या बाजूनं उभ्या राहतो, पोटगी मागतो, मूल मागतो. पण त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात जे घडलं, त्याबद्दल आपण काय मागतो? आपण मागतो, 'प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ द्या'. हे निवेदन मी स्वतः दोन वेळा लिहिलेलं आहे, एकदा पालकमंत्र्यांना, एकदा आमदारांना. अक्षर माझं, सह्या तुमच्या. आज मला ते निवेदन चुकीचं वाटतं.

चुकीचं का ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीप्रमाणे आपल्या देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.२९ होते आणि मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या परिचारिका ०.८०. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर. म्हणजे सरासरीनं आमच्या वाट्याला तीन-साडेतीन डॉक्टर आणि नऊ-दहा परिचारिका यायला हव्यात. सरासरी अर्थातच शहरात राहते. साकोली, तुमसर, पवनीपर्यंत ती येत नाही. पण डॉक्टरांच्या जवळजवळ तिप्पट परिचारिका आहेत, हे त्या आकड्यांतही दिसतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं की सुमारे १५ कोटी भारतीयांना उपचारांची गरज आहे आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. या सगळ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ तयार व्हायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब कोणीही करावा. तोपर्यंत जी बाई व्हरांड्यात उभी आहे, जिला रुग्णाचं नाव माहीत आहे, जिच्या पदराला किल्ली आहे, तिला आपण काय म्हणून वागवतो आहोत?

तर कायदा तिला काय म्हणतो ते आधी पाहू. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, जो १९९३ पासून अमलात आला, परिचारिकेची व्याख्याच नव्हती. डॉक्टर, दंडाधिकारी, पोलीस, नातेवाईक सगळे होते. रात्रपाळीला वॉर्डात असणारी बाई तेवढी नव्हती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात ती प्रथमच आली, आणि कशी आली ते नीट बघा. सर्वसाधारण परिचर्येची किंवा मानसोपचार परिचर्येची पदविका अथवा पदवी असलेली, राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव असलेली व्यक्ती म्हणजे मानसिक आरोग्य परिचारिका. म्हणजे पदविकेसाठी सगळ्या वॉर्डांमधून फिरून आलेली मुलगी आणि त्यानंतर मानसोपचार परिचर्येत एम.एस्सी. करून आलेली, समुपदेशन शिकलेली, औषधांचे परिणाम-दुष्परिणाम शिकलेली बाई कायद्याच्या लेखी एकच. बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत मानसोपचार परिचर्येची पदविका १९५० च्या दशकातच सुरू झाली. साठ-पासष्ट वर्षं देश या विषयाचं खास शिक्षण देतो आहे आणि कायदा लिहिताना त्या शिक्षणाला वेगळी पायरी द्यायची कोणाला आठवण झाली नाही. डॉक्टरांच्या बाबतीत असं झालं असतं का? एम.बी.बी.एस. आणि एम.डी. एकाच ओळीत बसवले असते तर दुसऱ्या दिवशी दवाखाने बंद पडले असते.

पण याच कायद्यात एक दार उघडं आहे, आणि ते कोणी ढकलून पाहत नाही, हे माझं मुख्य म्हणणं आहे. कलम ५५ म्हणतं की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानं चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून नोंदणी करावी आणि यादी प्रसिद्ध करावी. अशी नोंदणी झालेली परिचारिका कायद्यानं व्यावसायिक ठरते. त्याचा उपयोग काय? कलम ८९ पहा. एखाद्या व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णालयात दाखल करायचं असेल तर दोघांनी तिला स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे. एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा कोणीही वैद्यकीय व्यवसायी. ही दुसरी सही सिस्टरची असू शकते! नवरा बायकोला घेऊन आला आणि म्हणाला की ही वेडी आहे, हिला ठेवून घ्या, तर ज्या परिचारिकेनं तिला घरी जाऊन पाहिलं आहे, जिला ठाऊक आहे की बाई वेडी नसून मार खाते आहे, तिची सही तिथे लागू शकते. आणि ती सही करायला नकारही देऊ शकते. स्त्री-चळवळीनं गेली चाळीस वर्षं ज्या 'वेडी ठरवण्या'विरुद्ध आवाज उठवला, त्याच्या मुळाशी हात घालणारी ही एक ओळ आहे.

मी आमच्या जिल्ह्यातल्या आणि नागपूरच्या मिळून सात-आठ परिचारिकांना विचारलं की या नोंदणीबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं का. एकीलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. एक म्हणाली, "ताई, आम्हाला कायदा शिकवला तो परीक्षेपुरता. कलम ५५ म्हणजे पाच मार्कांची टीप."

आणि पुनर्विलोकन मंडळ! रुग्णाची तक्रार ऐकणारं, तिला डांबून ठेवलं आहे का हे ठरवणारं जिल्ह्याचं मंडळ. कलम ७४ नुसार त्यात न्यायाधीश आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, एक मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणखी एक वैद्यकीय व्यवसायी आहे, रुग्णांच्या किंवा काळजीवाहकांच्या बाजूनं अथवा स्वयंसेवी संस्थांतून दोघं आहेत. परिचारिका नाही. राज्य प्राधिकरणावर पंधरा वर्षं अनुभवाची एक परिचारिका असावी असं कायदा म्हणतो. जिल्ह्यात मात्र, म्हणजे जिथे खरं काय घडलं ते ठरतं तिथे, डॉक्टर दोन आणि सिस्टर शून्य.

आता तुमच्यातली कोणी म्हणेल, आणि गेल्या वर्षी नागपूरच्या बैठकीत एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणालीच, की तू कोणाची वकिली करते आहेस? मनोरुग्णालयात बायकांचे केस कोण कापायचं? कोंडून कोण ठेवायचं? विजेच्या झटक्यासाठी हात-पाय कोण धरायचं? हे आठवताना मला लाज वाटते, पण टाळता येत नाही. १८६४ पासून नागपुरात मनोरुग्णालय आहे. पागलखाना या नावानं आमच्या आज्या आम्हाला झोपवत असत. त्या भिंतींच्या आत काय चालायचं याचा इतिहास स्वच्छ नाही, आणि त्यात परिचारिका होत्या, परिचारकही होते. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी शाळेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा स्त्री-संघटनांनी जो विरोध केला तो योग्यच होता. तो निर्णय परिचारिकांनी घेतला नव्हता, पण त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात कोणीतरी सिस्टर उभी होतीच. भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की मानसिक आरोग्याच्या नावाखाली बाईच्या संमतीचा बळी जातो. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा प्रश्न काही संपला नाही.

मला हा आक्षेप मान्य आहे आणि तरीही मी वकिली करते. कारण हात धरणारी बाई आणि हात धरायला सांगणारा माणूस यांच्यातला फरक पुसून आपण कोणाला वाचवतो? २०१७ च्या कायद्याचं कलम ९७ म्हणतं की रुग्णाला बांधणं हा शेवटचाच उपाय, तोही तात्काळ धोका टाळण्यापुरता आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या अधिकारानं. पण रात्री दोन वाजता वॉर्डात तो तज्ज्ञ नसतो. चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर आणि एक आया असते. तिनं फोन केला आणि तो उचलला गेला नाही, तर बांधलं तरी तिचा गुन्हा आणि नाही बांधलं आणि कोणी जखमी झालं तरी तिचाच गुन्हा. जिला 'नाही' म्हणायचा अधिकार नाही ती 'नाही' म्हणणार कशी? आपल्याला वॉर्डात 'नाही' म्हणू शकणारी बाई हवी आहे की नको, एवढाच माझा त्या मैत्रिणीला प्रश्न होता. ती म्हणाली, हवी, पण तिच्यावर नजर ठेवणारंही कोणी हवं. हे मी मान्य केलं आणि इथे लिहून ठेवते. परिचारिकेच्या अधिकारांची मागणी जिथे जिथे जाईल तिथे रुग्ण राहिलेल्या बायका बरोबर बसल्या पाहिजेत. मसुदा लिहिताना बसल्या पाहिजेत, नंतर सही घ्यायला बोलावलेल्या नव्हेत.

जबाबदारी खाली आणि अधिकार वर, याचं भंडाऱ्याइतकं कडू उदाहरण दुसरं नसेल. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री आमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. त्या आयांची दुःखं मोजायला माझ्याकडे शब्द नाहीत. चौकशी झाली, शल्यचिकित्सक निलंबित झाले, हे खरं. पण कंत्राटी परिचारिकांना सरळ कामावरूनच काढलं गेलं, आणि फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री कोण कुठे होतं याचा निवाडा न्यायालय करील, मी करत नाही. मी एवढंच विचारते की इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, मंजुऱ्या, निधी यांतल्या कोणत्या कागदावर सही करायचा अधिकार त्या परिचारिकांना होता? निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो, चौकशीनंतर परत येता येतं. कंत्राटी बाईला फक्त घरी जाता येतं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकात मानसोपचार परिचारिकेची जागा आहे. जागा म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करार. दर वर्षी एक दिवसाचा खंड, पुन्हा नवा करार, पुन्हा साहेबांच्या दारात उभं राहणं. बाळंतपण आलं तर काय, हे विचारायचंच नाही. मी ज्या सिस्टरांबद्दल वर लिहिलं त्या मला म्हणाल्या, "मी अकरा महिन्यांची बाई. त्या दिवशी गोळ्या दिल्या असत्या आणि तिला उलटी जरी झाली असती तरी बारावा महिना मी पाहिला नसता." त्यांनी एम.एस्सी. केलेलं आहे. त्यांच्या बरोबरीनं शिकलेल्या मैत्रिणी खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकवतात, कारण एम.एस्सी. झालेल्या मानसोपचार परिचारिकेसाठी रुग्णाजवळ त्या शिक्षणाच्या योग्यतेचं पद मिळत नाही. म्हणजे जी जास्त शिकली ती रुग्णापासून लांब गेली!

२०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतातून कंत्राटी भरतीविरुद्ध काम बंद केलं होतं. आपल्यापैकी किती गटांनी त्यांना पाठिंब्याचं पत्र दिलं? आमच्या गटानं दिलं नाही. रुग्णांचे हाल होतात म्हणून आम्ही गप्प बसलो. परिचारिकांची संघटना पगार, भरती, बदल्या यांसाठी लढते आणि लढलंच पाहिजे. पण मानसोपचार परिचारिका त्या संघटनेतही एकटी. जिल्ह्याच्या पथकात एक, मनोरुग्णालयाच्या वॉर्डात काही, कॉलेजात शिकवणाऱ्या काही, आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागलेल्या काही. एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांची अखिल भारतीय संस्था आहे, परिषदाही होतात, पण त्या बहुधा इंग्रजीत आणि मोठ्या शहरात. करारावरच्या बाईनं बिनपगारी रजा घेऊन, स्वतःच्या खर्चानं रेल्वेत बसून तिथे जायचं कशासाठी, प्रमाणपत्रासाठी?

तरी ओळखीपाळखीतूनच काम होतं हे मी पाहिलं आहे. आमच्याकडच्या तीन परिचारिकांनी फोनवर एक गट केला आणि प्रत्येक वारी किती रुग्ण गोळ्यांवाचून परत गेले त्याची वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. नाव नाही, गाव नाही, फक्त तारीख, बाई की पुरुष, कारण. चार महिन्यांत त्या वहीनं मला जे शिकवलं ते दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.नं शिकवलं नव्हतं. परत जाणाऱ्यांत बायका जास्त, आणि परत न येणाऱ्यांतही बायकाच जास्त. पुरुषाला सोबत घेऊन येणारी बाई असते. बाईला सोबत घेऊन येणारं कोणी नसतं.

माझ्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं. आम्ही समाजकार्यवाले त्याच कलम ५५ मध्ये आहोत, आणि परिचारिकांशी आमचं वागणं फारसं बरं नाही. समुपदेशन आमचं, सुई तुमची, अशी वाटणी आम्ही मनाशी करून टाकली आहे. पथकाच्या बैठकीत आम्ही खुर्चीवर बसतो आणि सिस्टर दारात उभी असते. १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ उभा राहिला तो कमलाताई होस्पेट यांच्यासारख्या, परिचर्येचं शिक्षण घेतलेल्या विधवा बाईच्या हिमतीवर. आमच्या भागातली अनेक समाजकार्याची मुळं परिचारिकेच्या पिशवीत आहेत, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. बहुधा शिकवणाऱ्यांनाही ते आठवत नसावं.

डॉक्टरांचा आक्षेप काय असेल तो मला माहीत आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आलं, प्राथमिक पातळीवर समुदाय आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देणारं, तेव्हा देशभरचे डॉक्टर रस्त्यावर आले. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्णांचा जीव, असं म्हणाले. यातली काळजी खोटी नाही. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. ही औषधं मी कोणाच्याही एकट्या सहीवर सोडा असं म्हणणार नाही. पण आजार स्थिर आहे, औषध तेच आहे, मात्रा तीच आहे, डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी पाहिलं आहे, अशा रुग्णाला आणखी एका महिन्याच्या गोळ्या देणं हे मानसोपचार परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या बाईला जमणार नाही? इंग्लंडमध्ये परिचारिकेला औषध लिहून देण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला, तेव्हा यादी अगदी छोटी होती. २००६ पासून खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका जवळजवळ सगळी औषधं लिहू शकतात. अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलॉ यांनी १९५० च्या दशकात मानसोपचार परिचर्येचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं आणि औषध लिहिण्याच्या हक्कासाठी तिथल्या परिचारिकांना एकेका राज्याच्या विधिमंडळात लढावं लागलं. काही राज्यांत आजही डॉक्टरांशी करार केल्याशिवाय त्यांना ते करता येत नाही. हक्क कोणी ताटात वाढून दिला नाही, तिथेही नाही. आणि आपण त्यांची नक्कल करावी असं मी सुचवत नाही. तिकडे परिचारिका खाजगी दवाखाना टाकते. आम्हाला ती सरकारी ग्रामीण रुग्णालयात, कायम पदावर, फुकट गोळ्यांच्या कपाटाजवळ हवी आहे.

कारण फुकट गोळ्या हा हक्क आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम १८ सांगतं की सरकारनं ठरवलेल्या यादीतली मानसिक आजाराची अत्यावश्यक औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून, सर्व वेळी मोफत मिळाली पाहिजेत. उपचारासाठी कोणाला लांब जावं लागू नये असंही तेच कलम म्हणतं. 'सर्व वेळी' या शब्दांचा अर्थ महिन्यातून एक मंगळवार असा होत नाही. आणि कलम ३१ नं सरकारला दहा वर्षांची मुदत दिली आहे, आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसिक आरोग्य व्यावसायिक तयार करण्याचा प्रयत्न करण्यासाठी. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षं. ती २९ मे २०२८ ला संपतात.

तेव्हा निवेदन बदलू या. चारही मागण्या एकाच दारात नेऊन उपयोग नाही, हे मी दोन निवेदनं फुकट घालवून शिकले. नोंदणीची मागणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे: आमच्या जिल्ह्यातल्या किती परिचारिकांची कलम ५५ खाली नोंद आहे, यादी कुठे लावली आहे. ही माहिती माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करून मागता येते, त्याला आमदार लागत नाही. कायम पदांची मागणी आरोग्य खात्याकडे आणि विधिमंडळात. पुनर्विलोकन मंडळात परिचारिकेची जागा आणि व्याख्येत पदव्युत्तर परिचारिकेची वेगळी पायरी यांसाठी संसदेनं कायदा दुरुस्त केला पाहिजे, म्हणजे ते खासदाराचं काम. औषध चालू ठेवण्याच्या मर्यादित अधिकारासाठी आरोग्य खातं आणि केंद्राचे औषधविषयक नियम दोन्हींना हात घालावा लागेल. २०२३ मध्ये संसदेनं १९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. नव्या व्यवस्थेचे नियम लिहिले जातील तेव्हा मानसोपचार परिचारिका त्यात दिसली नाही, तर पुढची तीस वर्षं दिसणार नाही.

हे सगळं परिचारिकांनीच का मागू नये? मागावं, आणि त्या मागतीलही. पण सरकारी परिचारिकेला १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. खात्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं की कारणे दाखवा नोटीस. कंत्राटी परिचारिकेला नोटिशीचीही गरज नाही, करार संपतोच आहे. बोलायला मोकळ्या आहोत त्या आपण. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात दर वर्षी मोर्चे निघतात, आमच्या बायका एस.टी. भरून जातात. दारूबंदीसाठी गेलो, रेशनसाठी गेलो, गोसीखुर्दच्या पुनर्वसनासाठी गेलो.

कापणी-चुरणी उरकली की, अधिवेशनाच्या आधीच्या एका रविवारी आम्ही लाखनीला बसणार आहोत. परिचारिका येतील, त्यांची नावं कोणी विचारायची नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत. ज्या उपचार घेऊन राहिल्या आहेत अशा चार जणींनी यायचं कबूल केलं आहे, मसुद्याची पहिली ओळ त्या सांगतील. ती रोवणीवाली बाईही येते म्हणाली. तिची केस अजून कोर्टात आहे. कायद्याच्या कलम १०५ खाली तिच्या आजाराचा प्रश्न मंडळाकडे पाठवावा असा अर्ज आम्ही केला आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात लागली आहे. गोळ्या सध्या ती नागपूरहून आणते. जायला-यायला एक दिवस आणि एक रोजी जाते. भाड्याचे पैसे भाऊ देतो, कधी देतो, कधी नाही. येताना आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पथकाचा वार कोणता आणि गेल्या तीन महिन्यांत किती वेळा डॉक्टर आले नाहीत, एवढं लिहून आणा.